दर पंधरा मिनिटांनी

तेजसच्या डोक्यातून रक्त येतंय हे एसटीच्या सीटवरून कळलं.

पाटणादेवीच्या डोंगरातून उतरताना तो घसरला होता. घोटा मुरगळला आणि सबीहाने तिथल्या तिथे त्याला क्रेप बँडेज बांधलं. इतकं सुबक, की ट्रेकिंग ग्रुपमधल्या दोघांनी त्याचा फोटो काढला. मग सगळे चाळीसगावच्या गाडीत बसले. अर्ध्या तासाने मागच्या सीटवरची एक बाई पुढे वाकून म्हणाली, "ओ दादा, तुमच्या डोक्यामागं सीट लाल कशानं झाली?"

सबीहाने त्याचे केस बाजूला केले. आत दोन बोटं लांब जखम होती. रक्त केसांत साकळून काळं पडलं होतं आणि एक ओघळ कॉलरच्या आत गेला होता. दवाखान्यात सहा टाके पडले. टाके घालता घालता डॉक्टरांनी सहज विचारलं, "घोटा छान बांधलाय. डोकं कोणी पाहिलं नाही का?"

अमळनेर येईपर्यंत सबीहा बोटांवरचं वाळलेलं रक्त खरवडत राहिली.

ती सत्तावीस वर्षांची, अमळनेरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. रोज तीस-चाळीस जणांचं रक्त काढायची. दोन वर्षांपूर्वी तिने पुण्याजवळ चार दिवसांचा एक वर्ग केला होता. जिथे डॉक्टर तासन्‌तास पोचू शकत नाही, तिथे जखमी माणसाला कसं तपासायचं आणि खाली आणेपर्यंत कसं सांभाळायचं, हे तिथे शिकवलं होतं. प्रमाणपत्र तिने लॅमिनेट करून घेतलं होतं. डोंगरात कोणाला काही लागलं की हाक तिलाच मारायचे.

त्या संध्याकाळी तिने वर्गातली वही काढली, पण उघडली नाही. कोरा कागद घेतला आणि तपासणीत काय काय करायचं ते आठवेल तसं लिहायला बसली. आधी आजूबाजूची जागा धोक्याची नाही ना ते पाहायचं. मग श्वास. मग मोठा रक्तस्राव. मग डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून पाहायचं. मग प्रश्न. कोणते प्रश्न? पेन थांबलं. वही उघडून ताडून पाहिलं, तर बावीसपैकी नऊच गोष्टी आठवल्या होत्या. आणि त्या नऊंतल्याही सगळ्या तिने डोंगरात केल्या नव्हत्या. घोटा सुजलेला दिसला आणि ती घोट्यालाच चिकटली.

दुसऱ्या दिवशी ती तेजसच्या मोबाइलच्या दुकानात गेली.

"तेजस, चूक माझी होती. मी तुझ्या डोक्याला हातच लावला नाही."

"जाऊ द्या ना ताई. सहाच टाके तर पडले."

"जाऊ द्यायचं नाहीये. दर गुरुवारी संध्याकाळी एक तास सराव करणार आहे. तू पेशंट होशील?"

तेजसने मान हलवली. हलवताना टाके ओढले गेले आणि तोंड वाकडं झालं.

सरावाला जागा मिळाली ती नूर महंमद यांच्या दुकानात. हे सबीहाचे अब्बा, धंद्याने पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरायचं काम त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं. सात वाजता यंत्र बंद झालं की गाद्यांवर पेशंट झोपायचे. त्यांच्या हातात सबीहाची मैत्रीण मयुरी एक एक चिठ्ठी द्यायची: उजवी बरगडी दाबली की ओरड. डाव्या पायाची बोटं हलवू नको. मधुमेह आहे, पण विचारल्याशिवाय सांगू नको. सबीहाला चिठ्ठीत काय आहे ते ठाऊक नसायचं. तिने तपासायचं, विचारायचं आणि दर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास, कातडीचा रंग कागदावर लिहायचा.

एकदा अम्मी पेशंट झाली. अमिनाबी इतक्या विव्हळल्या की समोरचा किराणावाला धावत आला. तपासणी लांबली तशा त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "मरीज को चाय मिलेगी के नहीं?"

"नाही अम्मी. पोटात मार असेल तर काही द्यायचं नाही. नुसते ओठ ओले करायचे."

"ऐसा दवाखाना जल जाए," अमिनाबी म्हणाल्या आणि पुन्हा विव्हळायला लागल्या.

अब्बा कोपऱ्यात बसून सगळं बघायचे. असा महिना गेला. मग एका गुरुवारी ते म्हणाले, "बेटा, तू वरून वरून हात फिरवतेस. गादीत गाठ राहिली की वरून कधी कळत नाही. खाली हात घालावा लागतो."

तिने तेजसच्या पाठीखाली हात सरकवला. कमरेखाली मयुरीने एक खडा ठेवला होता. चार गुरुवार ती तो खडा ठेवत होती आणि चारही वेळा सबीहाला तो सापडला नव्हता.

त्यानंतर अब्बा मुद्दाम यंत्र चालू ठेवायला लागले. त्या खडखडाटात श्वास ऐकू यायचा नाही, छातीवर हात ठेवून मोजावा लागायचा. हवेत कापूस उडायचा, डोळ्यांत जायचा. "डोंगरात काय शांतता असते का?" ते म्हणायचे.

पहिल्या गुरुवारी ग्रुपमधले नऊ जण आले होते. दिवाळीपर्यंत तिघं उरले. डिसेंबरात एकदा कोणीच आलं नाही. सबीहाने अब्बांनाच झोपवलं आणि पूर्ण तासभर तपासलं.

ग्रुपचे म्होरके अभिमन नाना फक्त एकदाच डोकावले. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, वय बासष्ट. सातपुड्यातली पायवाट न् पायवाट त्यांच्या पायाखालची. कापसाच्या गठ्ठ्यावर बसून त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि ते हसून अहिराणीत म्हणाले,

"हाई काय नाटक शे वं पोरी? तीस वरीस डोंगर फिरनू. कोनी मरनं नही."

"म्हणूनच करते, नाना," सबीहा म्हणाली. "पुढेही मरू नये."

जानेवारीतल्या एका रविवारी अकरा जण चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्यात गेले. डांबरी रस्ता संपतो त्या वाडीवरून निघाले आणि दोन तास चढून डोंगराच्या सोंडेवर पोचले. तिथे फोनला रेंज नव्हती. गवत वाळून पिवळं झालेलं, खाली सुटे दगड. नाना पुढे होते. दहा चाळीसला त्यांचा पाय गवतावरून सटकला, ते दोन पुरुष खाली घसरले आणि डाव्या कुशीने एका शिळेवर आदळले.

सगळे खाली धावणार, तेवढ्यात सबीहा ओरडली, "थांबा! वरचे दगड त्यांच्या अंगावर जातील. एकेकाने, बाजूने या."

ती पोचली तेव्हा नाना उठून बसले होते. डावं मनगट टम्म सुजलं होतं.

"माले काही व्हयेल नही. हात मुरगळना, बस."

"नाना, आडवे व्हा. मी सगळीकडे हात लावून बघणार आहे. चालेल ना?"

"अवं, मनगट शे ना हाई!"

"मनगट शेवटी बघते."

आणि खरंच तिने ते शेवटी पाहिलं. डोकं, मान, कानांच्या मागे. छाती, एकेक बरगडी. पाठीखाली हात. पोटाला डावीकडे, बरगड्यांच्या खाली हात लागला तेव्हा नानांनी श्वास रोखला.

"दुखतंय?"

"जरासं."

मग पाय, बोटं. मनगटाला तिने कागदाची घडी आणि ओढणी लावून आधार बांधला. उजव्या हाताची नाडी मोजून कागदावर लिहिलं: दहा पंचावन्न, नाडी चौऱ्याऐंशी, श्वास अठरा. मग प्रश्न. शेवटचं काय खाल्लं, कधी? कशाची ॲलर्जी? रोजची काही गोळी?

"नही. काहीच नही."

तेवढ्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कोणीतरी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी काढली. नानांनी चहा मागितला, सबीहाने दिला नाही.

अकरा दहाला तिने पुन्हा नाडी धरली. चौऱ्याण्णव.

धावपळीमुळे असेल, तिला वाटलं. पण नाना तर पंधरा मिनिटं पडूनच होते.

"नाना, आणखी कुठे दुखतंय?"

"खांदा दुखस. डावा."

तिने खांदा पुन्हा तपासला. सूज नाही, खरचटलेलं नाही, हात वर होत होता. मार नसताना खांदा का दुखावा? वहीतलं एक पान तिच्या डोळ्यांसमोर आलं. पोटात रक्त साठलं की कधी कधी खांदा दुखतो. गेल्या चार महिन्यांत ते वाक्य तिने इतक्या वेळा वाचलं होतं की ते पानाच्या डाव्या बाजूला, खालून तिसरं आहे हेही तिला आठवलं.  तिने बाकीच्यांना जरा लांब बसायला सांगितलं आणि ती नानांच्या कानाशी वाकली.

"नाना, आता आपण दोघंच आहोत. गोळी कोणती घेता?"

नानांनी उजवा हात डोळ्यांवर आडवा घेतला.

"रक्त पातळ कराची," शेवटी ते म्हणाले आणि गोळीचं नाव सांगितलं. "दोन वरीस व्हयनात. कोनले सांगू नको. सांगं तर माले डोंगरवर कोन ली जाई?"

"दवाखान्यात सांगावंच लागेल. ग्रुपला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी तोंड उघडणार नाही. पण आत्ता तुम्हाला चालू देणार नाही."

"मी काय मरेल ढोर शे का उचलाले?"

"नाही. म्हणूनच उचलायचं."

अकरा पंचवीसला नाडी एकशे सहा होती. कपाळ गार आणि ओलसर. उन्हात असूनही.

ती उठून इतरांकडे गेली. "नानांना उचलून खाली न्यायचं आहे. आत्ता, लगेच."

दीपक म्हणजे ग्रुपमधला सगळ्यात तगडा माणूस, जामनेरला बी-बियाण्यांचं दुकान असलेला. तो चक्रावला. "मनगटासाठी? नाना चालतो म्हणतायत. तीनपर्यंत आराम करू, ऊन उतरलं की हळूहळू जाऊ."

"पोटात रक्त जातंय असं मला वाटतं."

"वाटतं? बोलतायत, हसतायत ते. चार तास माणूस खांद्यावर घेऊन या उतारावर एखादा अजून पडला तर?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि गोळीचं तिला सांगता येत नव्हतं. तिने हातातला कागद त्याच्यासमोर धरला.

"दीपकभाऊ, हे तीन आकडे बघा. चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव, एकशे सहा. माणूस झोपून आहे आणि नाडी चढतेय. श्वास अठराचा चोवीस झालाय. बऱ्या होणाऱ्या माणसाची नाडी अशी चढत नाही. मी चुकले असेन तर तुमचे खांदे दुखतील आणि सगळे मला हसाल. मी बरोबर असेन आणि आपण तीनपर्यंत बसलो, तर काय होईल ते मला सांगायला लावू नका."

तेजस उठला आणि बॅगेतून दोर काढायला लागला. "ताई म्हणतेय तर उचलायचं."

दीपकने कागद पुन्हा एकदा वाचला. "कसं न्यायचं ते सांगा," तो म्हणाला.

सबीहाने दोन चिठ्ठ्या लिहिल्या, दोन्हींवर एकच मजकूर. वय, काय झालं, किती वाजता, तिन्ही वेळचे आकडे, मनगट, पोटाची डावी बाजू, खांदा, आणि नानांना विचारून गोळीचं नाव. दोन्हींच्या घड्या घातल्या. एक तेजसला दिली, एक मयुरीला. "ही फक्त फोनवर वाचायची, आपल्यात कोणाला सांगायचं नाही. रेंज आली की १०८ ला लावा. डांबरी रस्त्याच्या टोकाला गाडी पाहिजे म्हणा. दोघं बरोबरच राहा, आणि धावू नका. तुम्ही पडलात तर सगळंच संपलं."

जेवायला बसण्यासाठी आणलेली ताडपत्री होती. तिच्या कडा गुंडाळून मुठी केल्या, खालून दोर फिरवला. सहा जणांनी धरली. एक जण पुढे वाट मोकळी करत आणि सबीहा नानांच्या डोक्याशी. अकरा पस्तीसला निघाले.

पहिल्या दहा मिनिटांतच दीपकच्या मुठी सुटायला लागल्या. दर पन्नास पावलांवर थांबायचं असं ठरलं. थांबलं की बाजू बदलायच्या. पंधरा मिनिटं झाली की सबीहा नाडी धरायची, लिहायची, आणि मग "चला" म्हणायची. एका घळीत ताडपत्री दगडाला घासली आणि टरकन फाटत गेली. दोघांनी जॅकेटं काढून खाली बांधली. तेव्हा सबीहाच्या लक्षात आलं की वर सोंडेवर इतका वेळ नाना गार दगडावर नुसतेच पडून होते आणि आपण त्यांच्या खाली काहीच घातलं नव्हतं. तिने स्वतःचं स्वेटर काढून त्यांच्या पाठीखाली सरकवलं.

साडेबाराला नाडी एकशे अठरा. नाना गप्प झाले होते.

"नाना, अमळनेर-शिरपूर गाडीचे थांबे सांगा बरं. क्रमाने."

नानांनी ओठ हलवले. तीन थांबे सांगितले. चौथ्याला चुकले.

"परत पहिल्यापासून."

"तू कंडक्टर शे का मी?" ते पुटपुटले. पण परत सुरू केलं.

एक वाजता नाडी एकशे चोवीस झाली आणि बोटांखाली इतकी बारीक लागायला लागली की तिला दोनदा जागा शोधावी लागली.  वेळ आणि आकडा लिहून ती "चला" म्हणाली.

वाडी दिसली तेव्हा सव्वादोन झाले होते. डांबरी रस्त्याच्या टोकाला पांढरी गाडी उभी होती. शेजारी तेजस दोन्ही हात हलवत होता. गाडीतल्या डॉक्टरांना सबीहाने एका दमात सगळं सांगितलं. शेवटी आवाज खाली करून गोळीचं नाव. मग आकड्यांचा कागद त्यांच्या हातात दिला. तेरा ओळी होत्या त्यावर.

"तुम्ही नर्स आहात?" त्यांनी सुईसाठी शीर शोधताना विचारलं.

"लॅबमध्ये आहे."

 त्यांनी कागद घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला.

जळगावला त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. पोटाच्या डाव्या बाजूची प्लीहा फाटली होती. ती काढावी लागली. रक्ताच्या चार पिशव्या लागल्या, त्यातली एक दीपकची होती.

पुढच्या गुरुवारी दुकानात पाच जण आले. सबीहाने आधी आपल्या चुका वाचून दाखवल्या. पहिला जवळजवळ तासभर खाली काही अंथरलं नाही. अकरा चाळीसची नोंद राहून गेली. मनगटाची पट्टी घट्ट बांधली, बोटं निळसर पडली तेव्हा सैल केली. दीपक म्हणाला, "अहो, माणूस वाचला ना!" ती म्हणाली, "हो. म्हणून तर आता शांतपणे बघता येतंय." आणि मयुरीने त्याच्या हातात पेशंटची चिठ्ठी दिली.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी सबीहा जळगावला नानांना भेटायला गेली. नाना उशीला टेकून बसले होते, चेहरा उतरलेला. शेजारी त्यांची बायको कुंदाबाई मोसंबी सोलत होती.

"ग्रुपवर टाकं मी," नाना सबीहाकडे न बघता म्हणाले. "गोळीनं. बठ्ठं लिखी टाकं."

सबीहाने ते सकाळीच वाचलं होतं. चार ओळींचा मेसेज होता, माफीचा एक शब्द नाही, पण लपवलेलं सगळं होतं. खाली दोघांनी आपापल्या गोळ्यांची नावं लिहिली होती. एकाला फिट येत असे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"आता माले डोंगरवर ली जाशात का?"

"डॉक्टर काय म्हणतात ते बघू, नाना. खोटं सांगणार नाही. कदाचित नाही."

नाना भिंतीकडे तोंड करून पडले.  कुंदाबाईने मोसंबी ताटलीत ठेवली, पदराला हात पुसले आणि आपली खुर्ची सबीहाजवळ ओढली.

"बेटा, हाई नाडी कशी मोजतस? माले शिकाड."

"तुम्हाला?"

"घरमा मीच राहस ना यासना जोडे. यासले काही व्हयनं तर याह्या सांगाव नहीत. दोन वरीस तुमले सांगं नही. माले कळाले पाहिजे."

सबीहाने नानांचा उजवा हात तिच्याकडे वळवला. कुंदाबाईने अंगठा मनगटावर ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ओठ हलवत मोजायला लागली.

"अंगठा नाही काकू. अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात, तुम्ही तुमचेच मोजाल. ही दोन बोटं. इथे, हाडाच्या आतल्या बाजूला. जोरात दाबू नका."

कुंदाबाईने बोटं बदलली. काही लागेना. तिने जरा सरकवली, पुन्हा सरकवली. मग तिचा चेहरा स्थिर झाला.

"लागनी."

"आता काटा बारावर आला की सुरू करा. पूर्ण एक मिनिट."

"दुखस वं," नाना म्हणाले.

"बोलू नका," कुंदाबाई म्हणाली. "मन्ही गिनती चुकनी." आणि काटा पुन्हा बारावर यायची वाट बघत राहिली.